दाजी, आमची वाडी जर्मनी नव्हती

दाजी, तुम्ही गेलात तेव्हा मला आधी राग आला. रडू मागाहून आलं. बैलगाडीत तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं, माझं धोतर रक्तानं चिकट झालं होतं, सावित्री नदीचं पात्र दिसायला लागलं होतं आणि महाडचा दवाखाना अजून लांब होता. तेवढ्यात तुम्ही डोळे उघडलेत आणि म्हणालात, "नारायण, म्हातारीचं नाव काढू नकोस." बायकोला निरोप नाही, पाणी मागणं नाही. जिच्यापायी तुमचं डोकं फुटलं तिचीच काळजी करत तुम्ही मेलात. मी गाडीवानाला बैल दामटायला सांगत होतो आणि मधून मधून तुम्हाला शिव्या घालत होतो. त्या तुमच्या कानावर पडल्या असतील तर बरंच झालं.

आता दिवसकार्य उरकलं. लोक येतात, ओटीवर बसतात आणि तुम्ही किती सालस होतात ते मलाच सांगतात. मी मान हलवतो. सालस कसले, तुमच्याइतका हट्टी माणूस मी बघितला नाही. माझ्या वडिलांकडे मुलगी बघायला आलात आणि पोहे पुढे आल्यावर आक्काच्या तोंडाकडे बघायच्या आधी विचारलंत, "देवी काढल्यात का?" वडील उठलेच होते. अंगणातली काठी त्यांनी हातात घेतलीसुद्धा. आक्कानं मात्र चोळीची बाही सरकवून दंड पुढे केला आणि म्हणाली, "हाय, चारी खुना हायत, मोजा." तुम्ही खरोखरच जवळ जाऊन बघितलंत. त्या दिवशी तुम्हाला अंगणात लोळवलं असतं तर आज आक्काचं कपाळ पांढरं नसतं, असं माझ्या मनात येतं. लगेच असंही येतं की मग माझी पोरं आज नसती. या दोन्हींत कुठं पाय रोवावा ते मला अजून कळलेलं नाही.

देवी डॉक्टर म्हणून तुम्ही पोलादपूरच्या आसपासचे सगळे डोंगर चढलात. पायात वहाणा, खांद्याला पेटी, पेटीत लस आणि टोचायची सुरी. लोक तुम्हाला बघून पोरं भाताच्या पेंढ्यांच्या उडवीमागं लपवायचे. कुणी कुत्री सोडली, कुणी वरून दगड ढकलले. एकदा तुम्ही भुवई फुटलेली घेऊन माझ्या दारात आलात. मी कोयता घेऊन निघालो तर माझ्या धोतराचा सोगा धरून मला खाली बसवलंत. म्हणालात, "आज दगड मारणारी बाई पुढल्या वर्षी पोर घेऊन येते. तू कोयता दाखवलास तर कधीच येणार नाही." मी म्हटलं, "पुढल्या वर्षी ती पोरं कुठनं आणणार? या वर्षीची मेल्यावर?" तुम्ही भुवईला हळद लावून घेतलीत आणि जेवलात.

तुमच्या तोंडी कायम कुठला ना कुठला देश असायचा. पुण्याचं वर्तमानपत्र पोलादपूरला शिळं होऊन पोचायचं आणि तुम्ही ते आमच्या ओटीवर आणून ताजं करायचात. जर्मनीत पोराला तान्हेपणी टोचतात आणि शाळेत गेल्यावर पुन्हा टोचतात, कायदाच आहे, आईबापाला कुणी विचारत बसत नाही. विलायतेत ज्याला नको असेल त्यानं मॅजिस्ट्रेटपुढं जाऊन मनाला पटत नाही म्हणून सांगायचं की सुटला. म्हणून जर्मनीत देवी शिरली तरी तिला पुढं वाट सापडत नाही आणि विलायतेत ती अजून गावोगाव फिरते. मुंबईत सक्ती, आमच्या डोंगरात ज्याची त्याची मर्जी. हे तुम्ही अशा थाटात सांगायचात की जर्मनी आंबेनळी घाटाच्या पलीकडं आहे आणि तुम्ही कालच जाऊन आलात असं वाटावं. आळीतल्या बहुतेक घरांना कडी असली की एखादं उघडं घरही वाचतं, कारण चोर त्या आळीत फिरकतच नाही, हे तर तुम्ही इतक्यांदा सांगितलंत की माझी धाकटी पोरगी दाराची कडी लावताना "जर्मनी, जर्मनी" म्हणायची.

महाडजवळच्या सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर आपलं भांडण झालं ते तुम्हाला आठवत असेल. तुमचे पाय चालून चालून सुजले होते म्हणून मीच तुम्हाला घेऊन गेलो होतो. वाफेत बसून तुम्ही पुन्हा जर्मनी काढलीत. मला सहन झालं नाही. माझा चुलतभाऊ सदू महायुद्धात गेला तो परत आला नाही. जर्मनांच्या गोळ्यानं त्याच्या चिंध्या झाल्या, पुरायलासुद्धा काही सापडलं नाही, असं त्याच्या पलटणीतला माणूस सांगून गेला होता. मी म्हटलं, "दाजी, तुमची जर्मनी पोरांना देवीपासनं वाचवते आणि मोठी झाली की तोफेच्या तोंडी देते. सदूच्या दंडावर पण चार खुणा होत्या. काय उपेग झाला?" तुम्ही पाण्यात हात फिरवलात. मग म्हणालात, "तोफेचं औषध माझ्या पेटीत नाही रे." मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं, पण मी थांबणारा माणूस नाही. मी म्हटलं, मग निदान त्यांचा दंडुका तरी घ्या. पोरांना धरून आणू, आयांना कोंडून ठेवू आणि टोचू. तुम्ही हसलात. "तुला जर्मन आवडत नाहीत आणि त्यांचा दंडुका तेवढा आवडतो," म्हणालात. शेजारच्या दगडावर कपडे पिळणारी बाईसुद्धा हसली. आपण दोघं ओल्या अंगानं महाडपर्यंत पुढं-मागं चालत आलो.

माझी पोरं मी तुम्हाला धरून दिली. थोरला चावला म्हणून त्याच्या मुस्काटात मारली आणि त्याचा हात धरून ठेवला. तुम्हाला ते आवडलं नाही, पण टोचलंत. वाडीतल्या बाकीच्या घरांची गोष्ट वेगळी होती. तुम्ही वाडीचे जावई. जावयाला तोंडावर नाही म्हणायची आमच्यात रीत नाही. त्याला नकोसं बोलायचं नाही, रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही, त्याचं मन मोडायचं नाही. आणि लस तर वासराच्या अंगावरची, देवीचा कोप ओढवून घेणारी. बायका कात्रीत सापडल्या. त्यातून भागीआत्यानं वाट काढली.

भागीआत्या म्हणजे मुंबईला चाकरीला असलेल्या गोंद्याची आई, वाडीतली सगळ्यांत जाणती बाई. पोराचं पोट दुखलं, धाप लागली, की बिब्ब्याचा चटका द्यायला तिलाच बोलवायचं. बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं, त्याचा डाग जन्मभर राहतो. बापे रानात असताना, आम्हाला पत्ता न लागू देता, तिनं एकेका पोराच्या दंडावर चार चार चटके दिले. पोरं किंचाळली, सुजली, बरी झाली. तुम्ही फेरीला आलात तेव्हा बायकांनी पोरं न्हाऊमाखू घालून रांगेत उभी केली, दंडावर हळदीचा लेप, आणि सांगितलं की तुम्ही दुसऱ्या डोंगरात होतात तेव्हा महाडचा डॉक्टर येऊन टोचून गेला. तुम्ही रांगेवरून नुसते डोळे फिरवलेत. तुमचा चेहरा असा फुलला होता की जणू वाडीला कुणी बक्षीस दिलंय. बायकांनी तुमच्या हातावर गूळखोबरं ठेवलं. माझ्या ओटीवर येऊन म्हणालात, "नारायण, तुझी वाडी जर्मनी झाली. आणि एक दंडुका लागला नाही." मी हरलो म्हणून मला चहासुद्धा गोड लागला नाही.

माघात परळच्या चाळीतून एक चाकरमानी तापानं फणफणत आला. त्याच्या अंगावर देवी उठल्या तेव्हाही तुम्ही निर्धास्त होतात. वाडीला धोका नाही, म्हणालात. मग एका घरात पोर पडलं, दुसऱ्यात दोन पडली. देवीचा कोप वाढू नये म्हणून घराघरांत फोडणी बंद झाली, दाराला कडुलिंबाचे डहाळे लागले. पोरांची तोंडं ओळखू येईनात. डोळे चिकटले, घशात फोड, पाणी उतरेना. रडायचासुद्धा आवाज नाही, नुसती घरघर. आया पोरांचे हात बांधून ठेवायच्या, नाहीतर ती स्वतःची कातडी ओरबाडून काढायची. आम्ही खड्डे खणत होतो. खालच्या अंगाला महारवाड्यात मात्र एकही पोर आजारी नव्हतं. तिथले पेन्शनर पलटणीत टोचून घेऊन आले होते आणि तुम्ही आलात की स्वतःहून नातवंडं पुढं करत होते. खरी जर्मनी तिथं होती, दाजी. आपण वर बघत बसलो.

गोंद्या मुंबईहून आला तेव्हा त्याचा थोरला मुलगा पुरून झाला होता. धाकटा त्याच्या मांडीवर गेला. तो पुरायला तुम्ही आणि मी गेलो. खड्ड्यात ठेवताना तुम्ही त्याचा दंड बोटानं चोळलात. मग मला वाकून दाखवलंत. टोचल्याची खूण खोलगट असते, आत बारीक ठिपके असतात. ही खूण वर आलेली होती, कडा काळी. "बिब्बा," तुम्ही म्हणालात. मी फावडं टाकलं. तुमचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता.

तिथून तुम्ही सरळ भागीआत्याकडे गेलात आणि मी तुमच्या मागं. म्हातारी राखेत बसली होती, तोंडात पदर कोंबून. तुम्ही विचारलंत तेव्हा तिनं लपवलं नाही. "जावयाला नाय कसं म्हनायचं, बाबा? पोरांच्या दंडावर खुना दिसल्या की तू खुश व्हशील, म्हनलं. तुजा मान ऱ्हाईल." मी तिच्या अंगावर धावलो. तुम्ही मला दोन्ही हातांनी मागं ढकललंत, इतक्या जोरानं की मी मेढीच्या खांबावर आपटलो. आपल्या एवढ्या वर्षांत तुम्ही माझ्या अंगाला हात लावलात तो तेवढा एकदाच.

परत येताना शेताच्या बांधावर आपण भांडलो ते अजून संपलेलं नाही, म्हणून तुम्हाला हे लिहायला बसलोय. मी म्हणत होतो, आत्ताच्या आत्ता वाडीत ओरडून सांगा की पोरं टोचलेली नव्हती. नाहीतर लोक म्हणतील टोचून पण मेली आणि या डोंगरात पुन्हा कुणी दंड उघडा करणार नाही. तुम्ही म्हणत होतात, सांगितलं तर म्हातारीला जिवंत ठेवणार नाहीत. मग तुमची युक्ती बाहेर पडली. सगळ्यांना सांगायचं की जर्मनीत दोनदा टोचतात, एकदा टोचलेलं पुरत नाही, तेव्हा आता दुसऱ्यांदा टोचू. खोटं नाही आणि खरंही नाही. मला त्याचा इतका संताप आला की मी नको ते बोललो. मी म्हटलं, "म्हातारीला वाचवताय का स्वतःला? हळद पुसून बघितली नाहीत म्हणून तोंड लपवताय." तुम्ही बांधावर थांबलात. म्हणालात, "दोन्ही असेल. पण त्यांनी माझा मान राखायला केलं रे ते. माझ्या मानासाठी पोरं मेली. आता त्याच मानासाठी म्हातारी मारू?" मी पुढं चालू लागलो. तुमचं बरोबर होतं असं मी आजही म्हणणार नाही.

धुळवडीच्या सकाळी होळीच्या माळावर निखारे अजून धुमसत होते. दरवर्षी तिथं बोंबा मारतात, राख फासतात. यंदा बापे नुसते उभे होते, दारू प्यालेले आणि झोपेवाचून तांबारलेले. कुणीतरी म्हणालं, महारवाड्यात एक पोर मेलं नाय, आपलीच का मेली, त्यांनीच कायतरी घातलंय. तेवढं पुरलं. माळावरची लाकडं हातात आली, कोयते आले. चुडी पेटवून महारवाडा जाळायला खाली निघाले. तुम्ही वाटेत आडवे उभे राहिलात. पेटी खांद्याला तशीच होती.

"ते टोचलेले आहेत म्हणून वाचलेत," तुम्ही ओरडलात.

"मंग आमची?" गोंद्या पुढं आला. "आमच्या पोरांच्या दंडावर खुना नव्हत्या? डाक्टर, तू सोता बघितल्यास ना?"

भागीआत्या पलीकडं बायकांत उभी होती. मी तुमच्या डाव्या अंगाला होतो. एक शब्द, दाजी. बिब्बा म्हणायचं फक्त. तुम्ही म्हातारीकडं नजरसुद्धा वळवली नाहीत. जर्मनीत दोनदा टोचतात, हे सुरू केलंत. शाळेतल्या पोरांना, दुसऱ्यांदा, कायद्यानं. तुमचं वाक्य पुरं झालं नाही. गोंद्यानं होळीतला अर्धा जळालेला ओंडका दोन्ही हातांनी उचलला आणि तुमच्या डोक्यात घातला. ठिणग्या उडाल्या. तुम्ही गुडघ्यावर आलात तेव्हा दुसरा घाव घातला. पेटी फुटून लसीच्या नळ्या राखेत पडल्या आणि कुणीतरी त्या टाचेनं चिरडल्या. मी गोंद्याच्या खांद्यात कोयता मारला, तो हाडात अडकला. मग आम्ही दोघं राखेत लोळत होतो, तो माझ्या गळ्यावर आणि माझा अंगठा त्याच्या डोळ्यात, आणि तुमचं रक्त आमच्या दोघांच्याही अंगाला लागत होतं. चुडी विझून गेल्या. महारवाड्यापर्यंत कुणी गेलं नाही.

तुम्हाला आगीच्या हवाली केलं तेव्हा खालचे पेन्शनर लांब उभे होते. त्यांना जवळ या म्हणायची आमच्यात हिंमत नव्हती आणि वाडीतला शिवाशिवीचा नियम तुम्हालाही मोडता आला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातला एक म्हातारा माझ्या अंगणाच्या कडेला आला आणि म्हणाला, "डाक्टरांनी आमचा मार सोताच्या डोक्यावर घेतला." मी त्याला ओटीवर बसवलं. वाडीनं ते बघितलं. बघू दे.

मग नवा देवी डॉक्टर दोन पोलिसांना घेऊन आला. कोवळा, घाबरलेला, पेटी पोटाशी धरलेली. फोडांची साथ पलीकडच्या वाडीत पोचली होती. आमच्यात अजून कितीतरी पोरं न टोचलेली, कोरी होती, गोंद्याची तान्ही मुलगीसुद्धा. बायकांनी दारं लावली. चटक्यांच्या वेळी गोंद्याची बायको चंद्रा बाळंतपणाला माहेरी होती, सासूनं तिला पोरं टोचली असंच सांगितलं होतं. ती उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "दोन टोचली ती दोनी मेली. ही ऱ्हायलीय ती नाय देनार. गोळी घाला." पोलीस एकमेकांकडं बघायला लागले. तो पोरगेला डॉक्टर माझ्याकडं बघत होता. मला तुमचं वाक्य आठवलं, गाडीतलं. आणि मी ते मोडलं.

मी चंद्राच्या अंगणाच्या मधोमध उभा राहून सांगितलं. पोरं टोचलेली नव्हती. बिब्बा होता. भागीआत्यानं घातला आणि तुम्ही बायांनी घालून घेतला. दाजींना ठाऊक होतं आणि त्यांनी जीव दिला पण बोलले नाहीत. माझा आवाज फाटला. खोटं कशाला बोलू, सांगताना मला गोड वाटत होतं. ज्या तोंडांनी तुम्हाला खोटा डॉक्टर म्हटलं त्या तोंडांवर मी एकेक शब्द मारत होतो.

चंद्रानं मुलीला उंबऱ्यावर ठेवलं, आत गेली आणि मुसळ घेऊन बाहेर आली. पायरीशी बसलेली म्हातारी उठली नाही, तिनं हातसुद्धा वर केले नाहीत. पहिला घाव जबड्यावर बसला. मग बाकीच्या धावल्या, ज्यांनी स्वतःच्या हातानं पोरं धरून चटके देऊन घेतले होते त्यासुद्धा. त्याच सगळ्यांत जोरात मारत होत्या. दगड, खराटे, नखं. म्हातारीच्या तोंडातून दात आणि रक्त आलं. पोलीस काठ्या घेऊन लांब उभे राहिले. मी बघत होतो. हेच मला हवं होतं, दाजी, धुळवडीपासून हेच हवं होतं. पण माझे पाय कसे हलले कोण जाणे. मी म्हातारीवर पालथा पडलो. पाठीवर मुसळ बसलं, डावं मनगट मोडलं, कानाची पाळ फाटली. माझ्या पोटाखाली ती पुटपुटत होती, "मारू दे, मारू दे, नारायना." तुमचंच बरोबर ठरलं, त्यांनी तिला मारलीच असती. मी तुमचं ऐकलं नाही म्हणून मला तिच्यावर पडावं लागलं.

आणि माझंही बरोबर ठरलं. मारून मारून दमल्यावर चंद्रा अंगणातच बसली. मग उठली, उंबऱ्यावरची मुलगी उचलली, तिचा हात धुतला आणि त्या पोरगेल्या डॉक्टरपुढं नेऊन धरला. "खरी टोच," एवढंच म्हणाली. तिच्यामागं बाकीच्या आल्या. डॉक्टरनं प्रत्येक दंड ओल्या फडक्यानं पुसून बघितला. आठवड्यानं दंड फुगले, पिकले, खपल्या धरल्या. पलीकडच्या वाडीत अजून मरतायत. आमच्यात नवा ताप नाही.

भागीआत्या आमच्या पडवीत आहे. तिच्या घरात तिला कुणी घेईना. आक्का तिला चमच्यानं पेज भरवते. जबडा मिटत नाही, अर्धी पेज गळ्यावर सांडते, आक्का पुसते. मी आक्काला विचारलं, तुझ्या हातून हे होतं कसं. ती म्हणाली, "माझ्या हातून व्हतं का नाय ते तू कशाला इचारतोस? तू आनलीस ना घरात?" मग ताटली आपटून आत गेली आणि चुलीपुढं बसून मोठ्यानं रडली. म्हातारीनं ते ऐकलं. तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

काल जबानी द्यायला मी महाडला गेलो. धुळवडीपासून अटकेत असलेला गोंद्या गजांमागं होता, खांदा बांधलेला. मी फौजदाराला विनवून त्याच्यापुढं उभा राहिलो. मनात एक वाक्य घोटून नेलं होतं, की तुझ्या आईनं तुझी पोरं मारली आणि तुला ठाऊक नसताना तू त्या माणसाचं डोकं फोडलंस जो तुझ्या आईला वाचवत होता. कचेरीच्या पायऱ्या चढताना मी ते ओठांवर घेऊनच चढलो होतो. पण त्याला आधीच कळलेलं होतं, वाडीतलं कुणीतरी येऊन सांगून गेलं होतं. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि एकच विचारलं.

"आय हाय का?"

"हाय."

"कुनाकडं?"

"आमच्या पडवीत. आक्का पेज भरवते तिला."

त्यानं दोन्ही हातांनी गज धरले आणि कपाळ आपटायला सुरुवात केली. सावकाश नाही, पूर्ण जोरानं, कातडी फाटेपर्यंत आणि त्यानंतरही. शिपाई आत धावले, दोघांनी त्याला मागं ओढला तरी तो डोकं पुढं फेकत होता. माझ्या सदऱ्यावर शिंतोडे उडाले. हे बघायलाच मी पोलादपूरहून चालत आलो होतो. बघितलं. माझं घोटलेलं वाक्य तोंडातच राहिलं.

जबानीत मी खरं तेच सांगितलं. त्याला जी शिक्षा होईल ती होईल, तिथं मी तुमचं ऐकणार नाही. तुम्ही असतात तर परतीच्या वाटेवर पुन्हा भांडला असतात, आणि मी हवा तेवढा भांडलो असतो. काल मी एकटाच चालत आलो. सगळी वाट मला एकच विचारायचं होतं, आणि आता ते तुम्हाला विचारता येणार नाही म्हणून छाती फुटते. कुठं किती टोचलेत, कुठं देवीला वाट उरली नाही, हे सगळे देश तुम्हाला तोंडपाठ होते. दाजी, जिथं माणसं एकमेकांची डोकी अशी फोडत नाहीत, असा एखादा देश तुम्ही कधी वाचला होतात का?